मोटारीने मुंबई आणि तिच्याभोवतीची जुनी बंदरे

मुंबई मोटारीने पाहायची म्हटली की बहुतेक लोक मरीन ड्राइव्ह, किनारी रस्ता आणि वांद्रे-वरळी सागरी सेतू एवढे फिरून, वाटेत कुठेतरी चहा घेऊन घरी परततात. हा फेरफटका सुखाचा आहे, पण त्यात समुद्र दिसतो आणि बंदर मात्र दिसत नाही, कारण मुंबईचे बंदर शहराच्या पूर्व अंगाला, खाडीच्या बाजूला आहे आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या देखण्या रस्त्यांचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. ज्यांना या शहराचे बंदरपण समजून घ्यायचे आहे त्यांनी गाडी पूर्वेकडे वळवावी आणि पुढे शहराबाहेर काढावी, कारण मुंबई ही या किनाऱ्यावरच्या जुन्या बंदरांच्या घरातली धाकटी लेक आहे. सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरे इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशी-व्यापाऱ्यांनाही माहीत होती. मुंबईला मोठेपण आले ते सतराव्या शतकानंतर.

ही सगळी बंदरे आज मोटारीने तास-दोन तासांच्या, फार तर तीन तासांच्या अंतरावर आहेत. ती एकामागून एक पाहिली की खाड्या गाळाने भरत गेल्या, जहाजे मोठी होत गेली, सत्ता बदलल्या आणि त्या प्रत्येक वेळी बंदर थोडे थोडे सरकत गेले, हे डोळ्यांदेखत उलगडते. त्यासाठी शहराला एक सकाळ, उत्तरेकडील वसई-सोपाऱ्याला एक पूर्ण दिवस, कल्याण-ठाण्याला अर्धा दिवस आणि अलिबाग-चौलला एक मुक्काम एवढा वेळ काढावा. हे सलग केले नाही तरी चालते, आणि मुंबईकरांनी ते चार वेगवेगळ्या रविवारी केले तर उलट जास्त पचेल.

निघण्यापूर्वी: नकाशाआधी पंचांग

या सफरीचे वेळापत्रक घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर अधिक अवलंबून असते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जायचे असेल तर ओहोटी लागते, शिवडीच्या चिखलाटावर पक्षी पाहायचे असतील तर पाणी धड पूर्ण आत नको आणि धड पूर्ण बाहेर नको, आणि खाडीतल्या लहान फेरीबोटींचे वेळापत्रकही पाण्याच्या पातळीनुसार मागेपुढे होऊ शकते. भरतीचे तक्ते आता मोबाइलवर मिळतात, तरी किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशोब ठाऊक असावा. त्या दिवशीच्या तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून दुपारी तीनच्या आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती, आणि त्यापासून साधारण सहा तासांनी, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास पूर्ण ओहोटी. शुक्ल आणि कृष्ण या दोन्ही पक्षांना हाच हिशोब लागू पडतो. तो अंदाजाचा आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते, पण चार आठवडे आधी बेत आखताना तेवढा अंदाज पुरतो.

यातली एक मेख मात्र ध्यानात ठेवावी. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते, तेव्हा पाणी खूप चढते आणि खूप ओसरतेही. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी फारसे चढत नाही आणि फारसे उतरतही नाही. हिशोबाने अष्टमीची ओहोटी भर दुपारी बाराला येते, आणि शहरातून सावकाश निघणाऱ्याला ती वेळ फार सोयीची वाटते. मीही एकदा तिला भुललो होतो. अलिबागच्या वाळूवर तासभर उभे राहूनही पाणी गुडघ्याखाली उतरले नाही आणि शेवटी मुकाट्याने टांग्यात बसून किल्ल्यात गेलो. तृतीया, चतुर्थी आणि पंचमी या तिथी उत्तम, कारण ओहोटी सकाळी सव्वाआठ ते पावणेदहाच्या दरम्यान येते आणि उधाणाचा जोरही अजून शिल्लक असल्याने पाणी नीट मागे हटते.

ऋतूचे म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निर्वेध. पावसाळ्यात वसईचा किल्ला हिरवाकंच आणि फार सुंदर दिसतो, पण तटावरची शेवाळलेली दगडी घसरण धोक्याची असते, गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाकडी लाँच बंद असतात आणि रस्त्यांतील खड्डे पाण्याखाली लपतात. गाडीत फास्टॅगवर पुरेशी रक्कम, वाहनाची कागदपत्रे, प्रदूषण तपासणीचा वैध दाखला, ओल्या पायांसाठी जुना टॉवेल आणि चिखलात चालतील अशा चपला असाव्यात. मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवरचा मोटारींचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून माफ आहे, त्यामुळे दहिसर, मुलुंड, ऐरोली किंवा वाशीमार्गे आत-बाहेर करताना आता ती चिंता नाही.

शहर: गाडी ठेवून पाहायचा भाग

शहराचा भाग रविवारी सकाळी सहाला सुरू करावा. फोर्ट परिसरात इतर दिवशी गाडी लावायला जागा मिळवणे हेच एक काम होऊन बसते. रविवारी सकाळी बॅलार्ड इस्टेट जवळजवळ रिकामी असते, म्हणून तिथल्या अधिकृत जागेत गाडी उभी करून पुढचे दोन-तीन तास पायीच फिरावे. बॅलार्ड इस्टेटपासूनच सुरुवात करण्याला आणखी एक कारण आहे. ही जमीन मूळची नव्हेच. आजचा इंदिरा डॉक, म्हणजे १९१४ मध्ये सुरू झालेला अलेक्झांड्रा डॉक, खोदताना निघालेल्या मातीने समुद्र भरून ही वसाहत उभी राहिली. तिची आखणी जॉर्ज विटेट या वास्तुकाराची, आणि गेटवे ऑफ इंडिया व छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या वास्तूही त्याच्याच. गोदीचा खड्डा आणि त्याच मातीवर उभी राहिलेली कचेऱ्यांची वसाहत एकमेकांना लागून असलेली दिसली की मुंबई कशी घडली हे वेगळे सांगावे लागत नाही.

तिथून हॉर्निमन सर्कलकडे चालत जावे. वाटेत एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या लागतात. ही टाउन हॉलची इमारत १८३३ सालची. समोरच्या बागेपलीकडे सेंट थॉमस कॅथीड्रल आहे. १७१८ मध्ये उघडलेले हे चर्च मोटारीने फिरणाऱ्यांनी मुद्दाम पाहावे, कारण कंपनी सरकारच्या काळात मुंबईतील अंतरे इथून मोजली जात. त्या काळचे बेसाल्टचे मैलाचे दगड शहरात अजून काही ठिकाणी पदपथावर उभे आहेत. चर्चगेट हे नाव आले तेही याच चर्चकडे उघडणाऱ्या तटाच्या दरवाजावरून. तो तट १८६० च्या दशकात पाडला गेला, दरवाजा गेला, आणि नाव तेवढे रेल्वेच्या स्थानकाला चिकटून राहिले.

मुंबईचा मूळ कोट, ज्याला इंग्रज बॉम्बे कॅसल म्हणत, तो टाउन हॉलच्या मागे नौदलाच्या हद्दीत आहे आणि सामान्य माणसाला तिथे प्रवेश नाही. पण त्या नौदल तळाचे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे: आय. एन. एस. आंग्रे. ज्या कान्होजी आंग्र्यांनी इंग्रजांना समुद्रावर वर्षानुवर्षे स्वस्थ झोप लागू दिली नाही, त्यांचेच नाव आज इंग्रजांच्या कोटावर आहे. शेजारच्या गोदीत लवजी नसरवानजी वाडिया यांनी १७३६ मध्ये सुरतेहून येऊन जहाजबांधणीची परंपरा सुरू केली. मलबारच्या सागवानाची ही जहाजे ओक लाकडाच्या जहाजांपेक्षा जास्त टिकत. इथे १८१७ मध्ये बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे. या गोद्यांचे फोटो काढण्याच्या फंदात पडू नये. नौदल आणि बंदराच्या हद्दीत छायाचित्रणाला मनाई असते आणि पहारेकरी ती गंभीरपणे घेतात.

दहाच्या पुढे वस्तुसंग्रहालय उघडते. वेळ कमी असला तरी तिथे एक दगड जरूर पाहावा: सोपाऱ्याला सापडलेला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा. त्याचे काम पुढच्या रविवारी पडणार आहे.

गाडीत परत बसल्यावर पी. डिमेलो मार्गाने उत्तरेला निघावे. हा रस्ता गोदीच्या भिंतीला लागून जातो. माझगावात डॉकयार्ड रोड स्थानकाजवळच्या भंडारवाडा टेकडीवर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. शहरात बंदर वरून पाहायचे असेल तर ही सर्वांत चांगली जागा, आणि आश्चर्य म्हणजे इथे गर्दी क्वचितच असते. खाली गोद्या, याऱ्या, माझगाव डॉकमधील अर्धवट बांधलेली जहाजे आणि पलीकडे घारापुरीचे बेट असा सारा पट एका नजरेत येतो. याच गोद्यांत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला. कापूस, दारूगोळा आणि सोने एकाच पोटात भरलेल्या त्या जहाजाने आसपासचा बराच भाग उद्ध्वस्त केला आणि ६६ अग्निशामक जवानांचे प्राण घेतले. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ.

इथून शिवडीला जावे, मात्र पाणी पाहून. फ्लेमिंगो साधारण हिवाळ्यापासून मेअखेरपर्यंत असतात, आणि भरती चढू लागल्यावर ते खाद्य शोधत किनाऱ्याजवळ सरकतात, म्हणून पूर्ण भरतीच्या दोन-तीन तास आधी पोहोचावे. शिवडीकडचे रस्ते अवजड वाहनांचे आहेत. ट्रेलरच्या डाव्या बाजूने पुढे जाण्याचा मोह टाळावा, कारण वळताना चालकाला त्या बाजूची लहान गाडी दिसत नाही.

घारापुरी या यादीत नाही, कारण तिथे मोटार जात नाही. गेटवेहून बोटीने तासाभरात पोहोचता येते, सोमवारी लेणी बंद असतात, आणि तिला स्वतंत्र दिवस द्यावा एवढेच सांगतो.

उत्तर: वसई आणि सोपारा

वसईला जाण्याचे दोन मार्ग आहेत. पश्चिम द्रुतगती महामार्गाने दहिसर ओलांडून, वसईच्या खाडीवरील पुलावरून वसई फाट्याला आणि तिथून डावीकडे गावात असा पहिला मार्ग. तो लांबचा वळसा आहे, आणि घोडबंदरच्या तोंडाशी वाहने तुंबली की त्याला अंत राहत नाही. दुसरा मार्ग भाईंदरहून रो-रो फेरीबोटीचा. फेब्रुवारी २०२४ पासून ही बोट मोटारींसह खाडी ओलांडते. पाण्यावरचे अंतर जेमतेम साडेतीन किलोमीटर. मला हा मार्ग अधिक आवडतो, कारण वसईचा धक्का किल्ल्याला अगदी लागून आहे, आणि ज्या बाजूने शतकानुशतके गलबते वसईला लागली त्याच बाजूने आपणही पोहोचतो. जाताना बोट आणि येताना महामार्ग असे केले तर दोन्ही पदरात पडते. फेऱ्यांच्या वेळा आदल्या दिवशी पाहून घ्याव्यात आणि बोट सुटण्यापूर्वी किमान अर्धा तास धक्क्यावर असावे, कारण मोटारींना जागा मोजकी असते.

१५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटे पोर्तुगीजांच्या हवाली केली. त्या तहात वसई हा मोठा ऐवज होता आणि मुंबई ही वरकड. पोर्तुगीजांनी वसईला आपल्या उत्तर प्रांताची राजधानी केले, तटबंदीच्या आत चर्च, मठ, इस्पितळे आणि सरदारांचे वाडे बांधले, आणि मुंबई जागीरदारांना भाड्याने देऊन टाकली. पुढे १६६१ च्या विवाहकरारात हीच मुंबई त्यांनी इंग्लंडच्या राजाला आंदण दिली, आणि राजाने १६६८ मध्ये ती वार्षिक १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. वसईच्या पडक्या चर्चमध्ये उभे राहून या व्यवहाराचा विचार केला की गंमत वाटते आणि थोडे चरकायलाही होते.

किल्ला मोठा आहे आणि आतून गाडीरस्ता जातो, म्हणून लोक गाडीतूनच चक्कर मारून परत फिरतात. तसे करू नये. गाडी सावलीत लावून निदान तीन तास पायी फिरावे. सेंट जोसेफ चर्चचा मनोरा, फ्रान्सिस्कन आणि डॉमिनिकन मठांचे अवशेष, जमिनीत बसवलेल्या थडग्यांवरची लॅटिन-पोर्तुगीज अक्षरे, नागेश्वराचे देऊळ आणि चिमाजी अप्पांचा पुतळा हे सगळे एका फेरीत येते. बंदर दरवाजातून बाहेर आलात की कोळ्यांच्या होड्या आणि वाळत घातलेली मासळी दिसते. इथे बंदर अजून जिवंत आहे, फक्त त्याचे माप बदलले आहे.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. त्या वेळी इथल्या चर्चमधील घंटा विजयाची खूण म्हणून मराठ्यांनी नेल्या आणि पुढे त्या देवळांत टांगल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरात आणि भीमाशंकरला त्या पाहायला मिळतात. त्यामुळे वसईच्या मनोऱ्यांत रिकामे कोनाडे दिसले तर त्यांचा पुढचा भाग घाटावर आहे असे समजावे. वसईचे नाव इतिहासात पुन्हा एकदा येते ते ३१ डिसेंबर १८०२ च्या तहाने, ज्यात दुसऱ्या बाजीरावाने तैनाती फौज स्वीकारली. त्रेसष्ट वर्षांत एकाच गावाने मराठी सत्तेचा कळस आणि तिचा उतार अशा दोन्ही गोष्टी पाहिल्या.

वसईहून सोपाऱ्याला जाताना महामार्ग न धरता निर्मळच्या बाजूने, वाड्यांमधल्या रस्त्याने जावे. केळी, पानवेली, फुलशेती आणि विहिरी यांमधून जाणारा हा रस्ता अरुंद आहे आणि समोरून बस आली तर मागे घ्यावे लागते, पण वसईचा हिरवा पट्टा आता एवढाच उरला आहे. कार्तिकात निर्मळची यात्रा असते, त्या दिवसांत हा मार्ग टाळावा. वाटेत राजेळी केळ्यांची वाळवलेली सुकेळी मिळाली तर जरूर घ्यावीत. ती मार्चपासूनच्या कडक उन्हात करतात, त्यामुळे हिवाळ्यात मिळतीलच असे नाही.

सोपाऱ्याचा स्तूप शोधताना पहिल्या खेपेला चुकल्याशिवाय राहत नाही. नालासोपारा पश्चिमेला, वस्तीच्या कडेला, झाडांमध्ये विटांचा एक बसका ढिगारा आहे, ज्याला गावकरी बुरूड राजाचा कोट म्हणत. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथे उत्खनन केले तेव्हा दगडी पेटीत अस्थिकरंडक आणि बुद्धांच्या धातुमूर्ती सापडल्या. आदल्या रविवारी ज्या एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांवरून आपण गेलो तिच्याच संग्रहात त्या आहेत. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच वर्षी सोपाऱ्याला मिळाला. नवव्या शिलालेखाचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात सापडला. सम्राटाने आपल्या आज्ञा जिथे कोरून ठेवल्या ते गाव तेव्हा किती गजबजलेले असेल याची कल्पना करायला आज इथे फारच थोडे साहाय्य मिळते. ज्या खाडीने जहाजे आत येत ती गाळाने भरली आणि बंदर समुद्रापासून तुटले. स्तूपापाशी पाऊण तास पुरतो, आणि वस्तुसंग्रहालयातला तो दगड आधी पाहिलेला असेल तरच तो पाऊण तास सार्थकी लागतो.

परतताना उजेड असेल आणि अंगात बळ असेल तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेण्यांचा विचार करावा, पण खरे तर तिला वेगळी सकाळ द्यायला हवी. तिथल्या शिलालेखांत सोपारा, कल्याण आणि चेमूल, म्हणजे चौल, येथील दात्यांची नावे आहेत. कोणी पाण्याची पोढी, म्हणजे टाके, खोदवली, कोणी लेणे दिले. या तिन्ही बंदरांतला पैसा त्या डोंगरात दगडाच्या रूपाने शिल्लक राहिला आहे. उद्यान सोमवारी बंद असते, आणि प्रवेशद्वारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत असल्याने खासगी वाहन आत सोडतात की उद्यानाची बस घ्यावी लागते हे आधी विचारून जावे.

ठाणे आणि कल्याण

हा भाग मी थोडक्यात सांगतो, कारण इथे पाहण्यापेक्षा वाहतुकीत बसणे जास्त होते. ठाणे ही शिलाहारांची राजधानी आणि खाडीवरचे मोठे बंदर होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ३४ किलोमीटर धावून इथेच आली, आणि खाडीतल्या मालवाहतुकीला उतरती कळा लागली. कल्याणला खाडीकाठी दुर्गाडी किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर मराठी आरमाराची पहिली बांधणी याच परिसरात सुरू झाली. किल्ल्यात बांधकाम फारसे उरलेले नाही, पण वरून खाडीचे वळण पाहिले की हीच जागा का निवडली ते कळते. पुढे अंबरनाथचे शिवमंदिर मात्र चुकवू नये. १०६० सालचा शिलालेख असलेले हे शिलाहारकालीन देऊळ दगडी कोरीवकामाने इतके दाटलेले आहे की बंदरांच्या व्यापारातून आलेली संपत्ती कुठे गेली या प्रश्नाचे उत्तर कान्हेरीनंतर इथे दुसऱ्यांदा मिळते. रविवारी सकाळी आठच्या आत अंबरनाथ गाठून उलट दिशेने कल्याण, ठाणे असे परतावे.

दक्षिण: समुद्रावरून मांडवा, आणि पुढे चौल

अलिबागला मोटारीने जाण्याचा जुना मार्ग पनवेल, पेण, वडखळ असा. शनिवारी सकाळी वडखळच्या अलीकडे आणि रविवारी संध्याकाळी पलीकडे वाहनांच्या रांगा लागतात. शक्य असेल तर शुक्रवारी किंवा आठवड्याच्या मधल्या वारी जावे, आणि जाताना भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट घ्यावी. २०२० पासून सुरू असलेली ही बोट मोटारींसह सुमारे तासाभरात मांडव्याला पोहोचते. भाऊ अजिंक्य यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेला हा धक्का आजही मासळीच्या उलाढालीने पहाटेपासून गजबजलेला असतो, म्हणून धक्क्याच्या रस्त्यावर हातगाड्या आणि बर्फाचे टेम्पो यांच्यामधून सावकाश वाट काढावी लागते. तिकीट आगाऊ काढावे, गाडी बोटीवर चढवल्यावर पहिला गिअर टाकून हँडब्रेक पक्का ओढावा, मौल्यवान वस्तू बरोबर घ्याव्यात आणि वर सज्जावर जाऊन बसावे. मुंबई बंदराचे जे दर्शन भिंतीआडून झाले नाही ते इथे होते: नांगरलेली मालवाहू जहाजे, तेलाचे धक्के, नौदलाच्या युद्धनौका आणि दक्षिणेला खांदेरी-उंदेरी हे जलदुर्ग. खांदेरी शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये वसवला आणि २०२५ मध्ये तो मराठा किल्ल्यांच्या बारा स्थळांमध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला.

मांडव्याहून अलिबाग सुमारे वीस किलोमीटर आहे. वाटेतील नवगाव थोडे आत आहे, पण थांबण्यासारखे आहे. बेने इस्रायली या ज्यू समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज जहाज फुटून याच किनाऱ्याला लागले. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून त्यांना शनिवार तेली असे नाव पडले. अलिबाग गावात त्यांचे प्रार्थनामंदिर आहे, आणि मुंबईच्या मशीद बंदर स्थानकाच्या नावामागेही त्यांचेच १७९६ मधील प्रार्थनामंदिर असल्याचे सांगितले जाते.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्याविषयी तिथीचा हिशोब वर दिलाच आहे. त्याला जोडून दोन सूचना. एक म्हणजे ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी निघावे आणि ती संपून तासभर झाला की परत किनाऱ्याला असावे. आतली गणेशाची मूर्ती, गोड्या पाण्याचा तलाव आणि यॉर्कशरच्या कारखान्यातून आलेल्या चाकांवरच्या दोन तोफा पाहायला तेवढा वेळ पुरेसा आहे. दुसरी म्हणजे गाडी कोणत्याही कारणाने वाळूवर नेऊ नये. वरून टणक दिसणारी पुळण चाकाखाली बसते, भरती कोणासाठी थांबत नाही, आणि दर सुट्टीच्या हंगामात एखादी महागडी गाडी लाटांत अडकल्याची छायाचित्रे पाहायला मिळतात. गावातील कान्होजी आंग्र्यांच्या समाधीपाशी पाच मिनिटे थांबावे. चुंबकीय वेधशाळा बाहेरूनच दिसते, पण तिची कथा मजेदार आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून तिथल्या कुलाबा भागातील वेधशाळेच्या चुंबकीय नोंदी बिघडतील या भीतीने १९०४ मध्ये ती इथे हलवण्यात आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौलकडे निघावे. नागाव ओलांडल्यावर रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांत शिरतो आणि चौल कधी सुरू झाले ते कळतच नाही. हे एकेकाळचे मोठे शहर आज वाड्या, तळी आणि देवळे यांच्यात विरघळून गेले आहे, म्हणून वेग तीसच्या खाली ठेवून डावी-उजवीकडे पाहत जावे. रामेश्वराचे देऊळ आणि त्याची पुष्करणी ही इथली सर्वांत शांत जागा. वास्को द गामा येण्याच्या जवळजवळ तीस वर्षे आधी, १४६९ च्या सुमारास, अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा विकायला घेऊन याच बंदरात उतरला. रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात त्याचे स्मारक आहे.

रेवदंड्याला मुख्य रस्ता चक्क किल्ल्याच्या तटातून जातो, त्यामुळे मोटारीने किल्ल्यात शिरण्याचा अनुभव अनायासे मिळतो. आत वाड्यांमध्ये चर्चचा उंच मनोरा उभा आहे, त्याला लोक सातखणी म्हणतात. तिथली बरीच जागा खासगी आहे, तेव्हा आत जाण्यापूर्वी एक हाक मारावी. पुढे कुंडलिकेच्या खाडीवरील पूल ओलांडला की कोर्लई येते. समुद्रात घुसलेल्या उंच सुळक्यावरचा हा किल्ला पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये जिंकला. दीपगृहापर्यंत गाडी जाते, पण रस्ता इतका अरुंद आहे की समोरून दुसरी गाडी आली तर कोणालातरी बरेच मागे जावे लागते. नवख्या चालकाने गाडी खालीच ठेवावी. पायथ्याच्या गावातील ख्रिस्ती कुटुंबे आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली बोली बोलतात. १७४० मध्ये पोर्तुगीजांनी हा मुलूख सोडला, पण बोली गेली नाही. किल्ल्याच्या निमुळत्या माथ्यावरून एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला खुला समुद्र दिसतो, आणि चौलच्या बंदरात येणाऱ्या प्रत्येक गलबताला या तोफांखालूनच जावे लागत असणार हे लगेच लक्षात येते.

परतताना पांढऱ्या कांद्याचा हंगाम असेल, म्हणजे साधारण फेब्रुवारी ते मे, तर अलिबाग-वडखळ रस्त्यावर कांद्याच्या वेण्या टांगलेल्या दिसतील. घाईत पहिल्याच टपरीवर घेऊ नयेत, कारण अलिबागचा म्हणून दुसरीकडचा कांदाही विकला जातो. कार्ले आणि खंडाळे या गावांकडील शेतकऱ्यांकडचा कांदा चवीला गोडसर असतो.

वडखळ, पेण करून चिर्ले येथे अटल सेतूवर चढावे. १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झालेला हा पूल २१.८ किलोमीटर लांब असून त्यातील सुमारे १६.५ किलोमीटर समुद्रावर आहे. मोटारींना ताशी १०० किलोमीटर वेगाची मर्यादा आहे आणि चढ-उतारावर ती ४० पर्यंत खाली येते. मध्ये गाडी थांबवून फोटो काढणाऱ्यांवर दंडाची कारवाई होते, तेव्हा पाहण्याचे काम सहप्रवाशाने करावे. सुरुवातीला डाव्या हाताला न्हावा-शेव्याच्या याऱ्या दिसतात. १९८९ मध्ये तिथे नवे बंदर उभे राहिले आणि कंटेनरचा व्यापार मुंबईच्या जुन्या गोद्यांतून खाडीपलीकडे गेला, जसा कधीकाळी तो सोपाऱ्याहून वसईला आणि वसईहून मुंबईला गेला होता. पाठोपाठ घारापुरी मागे पडते आणि समोर शिवडीचा चिखलाट येतो. तिथे उतरून पूर्व मुक्त मार्ग धरला की दक्षिण मुंबई वीसेक मिनिटांवर. दुसऱ्या दिवशी आठवणीने गाडी, विशेषतः तिचा तळ आणि चाकांच्या आतली बाजू, गोड्या पाण्याने धुऊन घ्यावी. बोटीवरच्या खाऱ्या तुषारांचा आणि पुळणीच्या वाऱ्याचा गंज महिनाभराने दिसू लागतो.